एका कप्प्यातले तिघे

मला घाबरायला फार काही लागत नाही. भिंतीवरची पाल पुरते. कॉलेजचा शिपाई "मॅडम, मोठ्या साहेबांनी बोलावलं" एवढं म्हणाला तरी पुरतं, मग साहेबांना फक्त खडूचा डबा कुठे आहे ते विचारायचं असलं तरी. म्हणून मागच्या भाद्रपदात मी कॉलेजातून पांढरीफटक होऊन घरी आले तेव्हा कोणाला काही विशेष वाटलं नाही. आमच्या यांचं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान घरालाच लागून आहे. त्यांनी उघडलेल्या मोटारीतून मान वर न काढताच विचारलं, "आता कोणाले भ्याली?"

यावेळी मात्र खरंच भ्यायला कारण होतं.

मी अमरावतीत राहते आणि अकोल्याच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं, संध्याकाळी तेच उलटं. आमच्याकडे याला अप-डाऊन म्हणतात. त्या वर्षी प्रवेश कमी झाले म्हणून कॉलेजने दोन शाखा एकत्र केल्या, आणि त्यात आम्ही दोन कंत्राटी शिक्षक समोरासमोर आलो. एक मी आणि दुसरे माझ्याच गाडीने रोज येणारे-जाणारे एक सर. जागा एकच उरली होती. नोटिशीत लिहिलं होतं की पुण्याहून एक तज्ज्ञ येतील, दोघांनी त्यांच्यासमोर वर्ग घ्यायचा, कोड सगळ्यांच्या देखत लिहायचा आणि तज्ज्ञ तो स्वतः चालवून पाहतील. मग एक जण राहील. सरांना विषय आला सॉर्टिंगचा, म्हणजे आकडे क्रमाने लावण्याचा. मला आला, 'स्वतः बनवलेल्या हॅश टेबलसाठी जावामध्ये इटरेटर'.

आता हे म्हणजे काय, ते आमच्या सासूबाईंना सांगितलं तसंच सांगते. हॅश टेबल म्हणजे कप्प्यांचं एक कपाट. समजा सोळा कप्पे. कोणतीही वस्तू आली की तिच्यावर एक गणित करायचं, त्यातून कप्प्याचा नंबर निघतो, त्यात ती ठेवायची. पुन्हा हवी असली की तेच गणित करायचं आणि थेट त्या कप्प्यात हात घालायचा, सगळं कपाट उचकायला नको. दोन वस्तूंचा नंबर एकच निघाला तर त्याच कप्प्यात एकीच्या मागे दुसरी लटकवायची. आणि इटरेटर म्हणजे या कपाटापुढून फिरणारं बोट. 'पुढचं दे' म्हटलं की एक वस्तू काढून दाखवायची. कोणी सुटायचं नाही, कोणी दोनदा यायचं नाही, आणि आपण कुठे थांबलो होतो ते बोटाने स्वतःच लक्षात ठेवायचं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढंच? मंग भ्याली कावून?"

कारण जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत हे सगळं तयार मिळतं. एवढी वर्षं मी तयारच वापरत आले. बाजारातून पापड आणायचे, घरी भाजायचे आणि पाहुण्यांनी "घरचे का?" विचारलं की नुसतं हसायचं, त्यातला प्रकार. आता मला लोकांच्या देखत उडदाच्या डाळीपासून सुरुवात करायची होती. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॉलेजने घरी बसवलं तर मला दुसरं कोण बोलावणार होतं? सासूबाई गल्लीभर सांगत असतात की आमची सून प्रोफेसर आहे. मी घरी बसले असते तर त्यांनी गल्लीला काय सांगितलं असतं?

तर मी शिकायला बसले. गाडीत मांडीवर लॅपटॉप, घरी ओट्याच्या कडेला लॅपटॉप. माझा पहिला इटरेटर साधा होता. एक आकडा ठेवायचा, आपण कोणत्या कप्प्यापाशी आहोत तो. 'पुढचं दे' म्हटलं की रिकामे कप्पे ओलांडायचे, भरलेला सापडला की त्यातली वस्तू द्यायची आणि पुढच्या कप्प्याकडे जायचं. एक ते दहा आकडे टाकून चालवून पाहिला. दहाच्या दहा बाहेर आले, तेही ओळीने. मी दोनदा, तीनदा चालवला. दर वेळी दहा.

माझं काही पहिल्या फटक्यात चालत नाही. पोळीसुद्धा दुसरीच फुगते. त्यामुळे तो कोड चालला याचीच मला भीती वाटायला लागली, पण चूक काही दिसेना.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाला गल्लीला आवतन असतं. फोनवर बोलावलेलं सासूबाईंना चालत नाही, कोणीतरी दारी जाऊन सांगायचं. मी सोळा भाज्या चिरत होते, म्हणून ते काम यांच्याकडे आलं. हे गेले आणि मी कढी ढवळायच्या आत परतही आले.

"झालं बी?" सासूबाईंनी संशयाने विचारलं.

"झालं. साऱ्यायले सांगतलं."

"कोपऱ्यावरच्या घरी कोणाले सांगतलं?"

"दार वाजवलं, मोठ्या वहिनी आल्या, त्यायले सांगतलं. म्हणे येतो."

"अन् मधलीले? धाकलीले?"

"आता एकाच घरात त राह्यते त्या! मोठीले सांगतलं म्हंजे साऱ्यायले सांगतलं."

सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "अरे बह्याडा, घर एक असन, चुली तीन हायेत तिथं! दोन वर्सं झाले वेगळे निघून. आवतन काय दाराले देत असते काय? चुलीले देत असते! आता थ्या दोघी म्हणतीन, मोठीले बोलावलं, आमाले वगळलं. जलमभर म्हणतीन!"

"मले काय माईत? दार त एकच दिसलं मले."

"दार वाजवून पहिलं जे तोंड दिसलं त्याले सांगतलं अन् चालला पुढच्या घरी. जाय, परत जाय. तिघीयलेबी वेगवेगळं सांग."

माझ्या हातातली सुरी भोपळ्यातच राहिली. पहिलं जे तोंड दिसलं त्याला धरायचं आणि पुढच्या घरी जायचं. मी इटरेटरला अगदी हेच शिकवलं होतं. कप्पा उघडायचा, सगळ्यात पुढे लटकलेली वस्तू द्यायची आणि पुढच्या कप्प्याकडे निघायचं. तिच्या मागे आणखी कोणी आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. एक ते दहा आकडे दहा वेगवेगळ्या कप्प्यांत गेले होते, सगळी एकएकट्याची बिऱ्हाडं. म्हणून दहाच्या दहा आले होते.

मी तशाच हळदीच्या हातांनी लॅपटॉप उघडला. आता एक, सतरा आणि तेहेतीस हे आकडे टाकले. सोळाने भागलं की तिघांचीही बाकी एक उरते, म्हणून हे तिघंही एकाच कप्प्यात जातात. चालवलं. पडद्यावर फक्त तेहेतीस आला. नवा आलेला पुढे लटकवायचा असं मी ठरवलं होतं, म्हणून शेवटी आलेल्या तेहेतीसनेच दार उघडलं होतं. एक आणि सतरा मागे उभे होते आणि त्यांना कोणी हाकसुद्धा मारली नव्हती. "मीही पहिलंच तोंड पाहून पुढे गेले!" मी मोठ्यानेच बोलून गेले.

"आता हिले काय झालं?" सासूबाईंनी यांना विचारलं.

"काई नाई," हे चप्पल घालता घालता म्हणाले, "माया पापात भागीदार भेटली."

मला मात्र हसू येईना. हेच मी तज्ज्ञासमोर लिहिलं असतं आणि त्याने एकच्या पाठोपाठ सतरा टाकला असता तर? एक चूक सापडल्याचा आनंद नव्हता, अजून किती दडल्या असतील ही धास्ती होती. त्या दिवशी महालक्ष्म्यांच्या पंगतीत मी वाढत होते आणि प्रत्येक पानापुढे थांबून, हिला कढी मिळाली ना, ही सुटली तर नाही ना, असं पाहत होते. कोपऱ्यावरच्या तिघी जावा शेजारी शेजारी बसून जेवल्या. धाकटी म्हणाली, "काकू, किती आग्रह करता! चार डाव आंबील झाली माई."

मग मी इटरेटर नव्याने मांडला. आता त्याच्याकडे दोन गोष्टी ठेवल्या. एक, आपण कोणत्या कप्प्यापर्यंत आलो, आणि दोन, आता पुढे द्यायचा तो नेमका कोण. एक वस्तू हातात दिली की लगेच तिच्या मागच्याला गाठून ठेवायचं. मागे कोणी नसलं तरच कप्पा सोडायचा आणि पुढचा भरलेला कप्पा शोधायचा. इटरेटरला आणखी एक प्रश्न विचारता येतो, 'अजून कोणी आहे का?' जावात त्याला हॅज-नेक्स्ट म्हणतात. आता पुढचा माणूस आधीच गाठलेला असल्यामुळे त्या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणायचं, जागचं हलायचं नाही.

यांना समोर खुर्चीवर बसवून मी पूर्ण वर्ग घेऊन पाहिला. यांनी सगळं ऐकलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मले सारं समजलं. म्हंजे एक त तू लय चांगलं शिकोलं, नाईतर कुठंतरी मोठी चूक हाय."

या वाक्याने माझी उरलीसुरली भूकही गेली.

वर्गाच्या दिवशी गाडीत सर खिडकीपाशी बसले होते. मला पाहून उठले आणि खिडकी मला दिली. तसे आम्ही रोज बोरगाव येईपर्यंत प्राचार्यांच्या नकला करत हसत जायचो. त्या दिवशी दोघंही अगदी सभ्य झालो होतो. ते म्हणाले, "तुमचं चांगलंच होईल, मॅडम." मी म्हटलं, "तुमचंही." दोघांचंही चांगलं होऊ शकत नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. मग आम्ही बाहेरची तूर पाहत राहिलो.

तज्ज्ञ तरुण होते, पस्तिशीच्या आतबाहेरचे. इतक्या नम्रपणे बोलायचे की मला आणखीच भीती वाटायची. आमच्याकडे माणूस चिडला की निदान ऐकू तरी येतं. ते मागच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसले. प्राचार्य दाराशी. मी फळ्यावर सोळा कप्पे काढायला घेतले आणि भीतीत सतरा काढले. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, एक जास्त झाला." मी पुसला.

पण एकदा शिकवायला लागले की माझी जीभ आपली आपण चालते. कोपऱ्यावरचं घर आणि तीन चुली मी तशाच्या तशा सांगितल्या. मुलं हसली. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी त्याच आठवड्यात आवतनं गेली होती. मग मी कोड लिहिला. तज्ज्ञ पुढे आले, "मी बसू का इथे?" असं विचारून माझ्या खुर्चीवर बसले आणि चालवायला लागले.

रिकामं टेबल दिलं. इटरेटर म्हणाला, कोणी नाही. बरोबर. सगळे आकडे एकाच कप्प्यात कोंबले. सगळे आले. मग त्यांनी 'अजून कोणी आहे का' हे तीनदा लागोपाठ विचारलं आणि मग 'पुढचं दे' म्हणाले. कोणी सुटलं नाही. हा सापळा होता हे मला त्यांनी मान हलवली तेव्हा कळलं. प्रश्न विचारतानाच बोट पुढे सरकत असेल, तर तीनदा विचारल्यावर तीन जण गायब होतात म्हणे. जो खड्डा मी ओलांडला होता तो मागे वळून आत्ता दिसत होता.

"मॅडम," ते म्हणाले, "आता आपण फिरत असतानाच टेबलमध्ये भर घातली तर?"

त्यांनी एक, सतरा, तेहेतीस टाकले, इटरेटरकडून दोन काढून घेतले आणि मध्येच भराभर आणखी आकडे टेबलात ओतले. कपाट भरत आलं की ते दुप्पट मोठं करून सगळ्यांना नव्या कप्प्यांत बसवायचं, हे मीच लिहिलं होतं. तसं ते झालं. मग त्यांनी इटरेटरला पुढे चालू ठेवलं. एक आला. त्यामागून तेहेतीस पुन्हा आला. मग गर्दीत बाकीचे, आणि त्यांच्या मधोमध सतरासुद्धा पुन्हा.

"हे आपल्याला अपेक्षित आहे का?"

प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मला पडद्यावरचा दुसरा तेहेतीस सोडून काही दिसेना. तोंडातून निघालं ते पुस्तकी नव्हतंच. "नाही सर. हे मले माहीत नव्हतं."

"बरं," ते म्हणाले. "मग काय करता येईल?"

ते खरंच विचारत होते. मी खडू घेतला. मुलांकडे वळून मी म्हणाले, "पाहा, मी आवतन देत फिरून राहिली. अन् मी गल्लीत असतानाच लोकांनी घरं बदलली. मोठी इकडची तिकडं गेली, धाकली नव्या घरात. आता मी अशीच फिरत राहिली तर काय होईल?"

"कोणाले दोनदा जाईन," मागून एक जण म्हणाला.

"अन् कोणाले जाणारच नाई," दुसरा.

"मग मी काय करू?"

"थांबा न् ओरडा!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी ते हसण्यावारी नेलं नाही. टेबलात एक मोजणी ठेवली. काही घातलं किंवा काढलं की ती एकने वाढते. इटरेटरने जन्मतःच ती मोजणी पाहून ठेवायची आणि दर वेळी पुढचं देण्याआधी पुन्हा पाहायची. जुळली नाही तर काहीच द्यायचं नाही, सरळ एक्सेप्शन फेकायचं, म्हणजे ओरडून तिथेच थांबायचं. मी लिहिलं, त्यांनी चालवलं, आणि पडद्यावर लालभडक चूक उमटली. आयुष्यात पहिल्यांदा मला लाल अक्षरं पाहून बरं वाटलं.

"यापेक्षा सुरुवातीलाच सगळ्यांची एक प्रत काढून ठेवली असती तर?" त्यांनी विचारलं. "मग थांबावं लागलं नसतं."

"काढता येईल. पण मग मी जुन्या पत्त्यांवर फिरत राहीन अन् मला वाटेल, सगळं नीट चाललंय. थांबलं की निदान कळतं, सर. गुपचूप चुकत राहिलं तर सुटलेल्या माणसाला शेवटपर्यंत कळत नाही की तो सुटलाय."

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि नम्रपणे आभार मानले. दुपारी सरांचा वर्ग झाला. तो मी पाहिला नाही. स्टाफरूममध्ये बसून चहा गार करत होते.

निकालाचं पत्र सोमवारी निघणार होतं. सोमवारपर्यंत मी जगले नसते. ज्या शिपायाच्या हाकेने मी घाबरते, त्यालाच म्हटलं, "साहेबांना सांग, मी आलीये," आणि आत गेले.

"सर, जे असेल ते आत्ता सांगा. सोमवारपर्यंत माझा दम निघणार नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "तुम्ही राहताय, मॅडम. 'कोड घाबरून लिहिलेला आहे', असं लिहिलंय त्यांनी तुमच्याबद्दल. ही तारीफ आहे म्हणे." मग ते दाराकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "सरांना अजून काही सांगितलेलं नाही. तेवढं तुम्ही बोलू नका. पत्र जाईलच."

सुटले, असं वाटायला हवं होतं. वाटलंही, दारापर्यंत. मग परतीची गाडी आठवली.

सर प्लॅटफॉर्मवर माझी वाट पाहत होते. डब्यात त्यांनी दोन जागा धरल्या. म्हणाले, "सॉर्टिंग ठीक झालं. एका ठिकाणी अडकलो, पण निघालो. मला वाटतं, जमलं." त्यांचा चेहरा सकाळपेक्षा मोकळा होता. "सोमवारी बघू. तोपर्यंत घरी काही बोलायचं नाही, असं ठरवलंय. काय म्हणता?"

प्राचार्यांनी बोलू नका म्हटलं होतं, आणि मी वरिष्ठांचं ऐकणारी बाई. पण सोमवारपर्यंत हा माणूस हसतमुखाने घरात वावरणार, आणि मला ठाऊक असून मी त्याच्या शेजारी खिडकीत बसून तूर पाहणार. काही तासांपूर्वी मी भरवर्गात काय बोलले होते ते माझ्याच कानात वाजत होतं.

"सर," मी म्हटलं, "मी विचारून आले. मला ठेवलंय."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग म्हणाले, "हो का. बरं झालं. अभिनंदन." आणि बाहेर पाहायला लागले. मूर्तिजापूर येऊन गेलं तरी त्यांची नजर बाहेरच होती. मला वाटलं, आता हे जन्मभर माझ्याशी बोलणार नाहीत, आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

बडनेरा जवळ येत होतं तेव्हा त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळले.

"सांगितलं ते बरं केलं, मॅडम. सोमवारी पत्र हातात घेऊन घरी गेलो असतो तर दारातच उभा राहिलो असतो. आता निदान थोडी तयारी करता येईल." मग जरा ओशाळून म्हणाले, "एक करता का? तुम्ही आमच्या सौभाग्यवती व्हा. विचारा मला."

मी विचारलं, "अहो, कसं झालं आज?"

त्यांनी हातातल्या रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. डब्यातली माणसं सामान घेऊन दाराकडे सरकायला लागली होती.

"पुन्हा विचारा," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं.